नारळीकरांचा एच-इंडेक्स किती, हा प्रश्नच चुकलाय

जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले, त्यानंतर आपल्याकडे एक वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही, त्यांचं नाव निघालं की परत पेटतो. एका बाजूला 'आइनस्टाइनच्या तोडीचा माणूस, केंब्रिजलाच राहिले असते तर नोबेल कुठे गेलं नव्हतं' वाले. दुसऱ्या बाजूला 'भावनेच्या भरात बोलू नका, डेटा बघा' वाले, जे लगेच सायटेशनचे आकडे काढून बसतात, एच-इंडेक्स (दहा पेपर प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांनी नोंदवले तर तो दहा) किती, सगळ्यात गाजलेल्या पेपरला सायटेशन किती, त्याच पिढीतल्या अमक्या अमेरिकन कॉस्मॉलॉजिस्टला, म्हणजे विश्वरचनेच्या अभ्यासकाला, किती, आणि मग निकाल जाहीर: 'इथेच मोठे, बाहेर कुणी विचारत नाही.' पहिल्या गटाचं सोडून देऊ, माणूस गेल्यावर चार शब्द जास्तीचे बोललेच जातात. मला भांडायचंय ते दुसऱ्या गटाशी, कारण हा गट वैज्ञानिक दृष्टिकोनाचा मक्ता आपल्याकडेच असल्यासारखा बोलतो आणि काम मात्र अगदी अवैज्ञानिक करतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे गैरसमज नको. सायटेशनचा आकडा एवढंच सांगतो की एखाद्याचं काम बाकीच्यांनी आपापल्या पेपरात किती वेळा नोंदवलं. ते काम बरोबर होतं का, महत्त्वाचं होतं का, त्यामुळे या क्षेत्रात काही बदललं का, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं, त्यासाठी काम वाचावं लागतं. नारळीकरांवर टीका करायची तर खुशाल करा, जागा भरपूर आहे, पण ती त्यांच्या फिजिक्सवर करा. आणि हा प्रश्न फक्त एका दिवंगत शास्त्रज्ञाचा असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. हीच मोजपट्टी आज आपल्या कॉलेजातल्या लेक्चररच्या प्रमोशनला लागते, पीएचडीच्या गाईडशिपला लागते, आणि दरवर्षी 'जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञ' म्हणून कॉलेजच्या गेटवर जो फ्लेक्स लागतो, हार्दिक अभिनंदन आणि खाली संस्थाचालकांचा फोटो, तोही याच आकड्यांतून येतो.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते फालतू नाहीत, म्हणून नीट मांडतो.

सगळ्यात मोठा मुद्दा वशिल्याचा. 'वाचून ठरवा' म्हणणं सोपं आहे, पण वाचणार कोण? सिलेक्शन कमिटीत बसलेले तेच चार लोक, ज्यांचा भाचा किंवा ज्यांच्या गाईडचा विद्यार्थी समोर बसलाय. आपल्याकडे गुणवत्ता 'बघून' ठरवण्याचा इतिहास काय आहे ते सगळ्यांना माहितीये, त्यात जात बघितली गेली, आडनाव बघितलं गेलं, इंग्रजी बोलण्याची ढब बघितली गेली. अशा ठिकाणी नांदेड-परभणीकडून आलेल्या एखाद्या पोराला आकडा हाच एक आधार असतो, 'माझ्या पेपरला एवढी सायटेशन आहेत, आता बोला.' हा मुद्दा मला मनापासून पटतो. दुसरा मुद्दा, सरासरी काढली तर आकडा खोटं बोलत नाही. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला आणि नंतर त्यांनीच दाखवलं की नोबेलवाल्यांची सायटेशन सर्वसाधारण शास्त्रज्ञापेक्षा खूपच जास्त असतात, बऱ्याचदा बक्षीस मिळण्याच्या आधीपासून. तिसरा मुद्दा खास नारळीकरांचा: नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये क्वासाय-स्टेडी स्टेट कॉस्मॉलॉजी, म्हणजे बिग बँगसारखी एकच सुरुवात न मानणारी विश्वाची थिअरी, मांडली, जगातल्या बहुसंख्य कॉस्मॉलॉजिस्टनी ती उचलली नाही, मग ते न उचलणं हाच निकाल नाही का?

शेवटच्यापासून सुरू करतो.

थिअरी टिकली नाही हे मला मान्य आहे, आणि भक्तमंडळींना राग आला तरी स्पष्ट म्हणायला पाहिजे. विश्वात सगळीकडून येणारं जे मायक्रोवेव्ह रेडिएशन आहे ते बिग बँगचा अवशेष नसून ताऱ्यांचाच प्रकाश आहे, लोखंडाच्या सुईसारख्या बारीक धूलिकणांनी शोषून परत सोडलेला, असं या तिघांचं म्हणणं होतं. आता कोबे सॅटेलाइटने १९९० मध्ये या रेडिएशनचा जो स्पेक्ट्रम दाखवला तो इतका तंतोतंत ब्लॅकबॉडी (एकाच तापमानाच्या वस्तूतून निघावा तसा) होता की धुळीतून तो तसाच्या तसा काढायचा म्हणजे फार कसरत, आणि पुढे २००० नंतर बूमरँग, डब्ल्यूमॅप आणि प्लांक या मोहिमांनी त्या रेडिएशनमधल्या बारीक चढउतारांचा जो आलेख दिला, त्यातली ठराविक अंतरावरची शिखरं बिग बँगच्या गणितातून आपोआप निघतात आणि क्वासाय-स्टेडी स्टेटमध्ये वेगळी सोय करून आणावी लागतात. अमेरिकेच्या नेड राईट यांनी तर १९९५ मध्येच या थिअरीवर थेट पेपर लिहून ती कुठे निरीक्षणांशी जुळत नाही ते दाखवलं होतं. याला म्हणतात खंडन. कुणी उल्लेख केला नाही हे खंडन होत नाही. दोन्हीत फरक काय ते विज्ञानाच्या इतिहासातून बघा. जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूने १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावतंय हे गणित करून मांडलं, फ्रेंचमध्ये, ब्रसेल्सच्या एका जर्नलमध्ये, आणि सुरुवातीला कुणी ढुंकूनही बघितलं नाही. ज्याच्या नावाने प्रसरणाचा नियम ओळखला जातो त्या हबलचा पेपर १९२९ चा. त्या नियमाला लमेत्रचं नाव जोडा अशी शिफारस आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने मतदान घेऊन केली ती २०१८ मध्ये. १९२८ साली कुणी लमेत्रचा एच-इंडेक्स काढला असता तर काय निकाल दिला असता?

यावर उत्तर तयार असतं, 'अहो तो जुना जमाना, आता इंटरनेट आहे, चांगलं काम दडून राहत नाही.' दडून राहत नाही हे एका अर्थी खरं, पण सापडलेलं काम आणि नोंदवलेलं काम यात अंतर आहे. पेपर कसा लिहिला जातो ते जवळून बघा. पहिलं वाक्य असतं 'अमुक गोष्ट सर्वज्ञात आहे' आणि त्यापुढे कंसात पाच-सहा नावं. ती नावं आली कुठून? बऱ्याचदा आधीच्या पेपरच्या पहिल्या वाक्यातून, आणि त्यात आली त्याच्याही आधीच्या. शिवाय रेफरी, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारा, कोण असेल याचा अंदाज घेऊन दोन नावं जास्तीची टाकायची, रेफरीने 'हे चार पेपर राहिलेत' म्हटलं की निमूट तेही टाकायचे. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते ना, कुणी किती दिले ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्याकडच्या कार्याला तेवढेच परत करायचे, सायटेशनचा बराचसा व्यवहार तसाच चालतो, आणि वहीतला एकूण आकडा बघून नवरा-नवरी किती गुणी आहेत हे कुणी ठरवत नाही.

बरं, मनापासून केलेल्या सायटेशनचंही तेच. हॉइल-नारळीकर यांची १९६४ ची गुरुत्वाकर्षणाची थिअरी घ्या. जूनमध्ये लंडनला रॉयल सोसायटीत हॉइल ती मांडत होते, तेव्हा केंब्रिजचा एक रिसर्च स्टुडंट उठला आणि म्हणाला की तुमच्या गणितातली ही बेरीज अनंत होते. तो म्हणजे स्टीफन हॉकिंग, नारळीकरांच्या खोलीत येऊन-जाऊन असणारा, गणित आधीच बघितलेला. पुढे १९६५ मध्ये त्याने यावर पेपर लिहिला, त्याच्या पीएचडी थीसिसचं पहिलं प्रकरणच हॉइल-नारळीकर थिअरीवर आहे. आता मोजणाऱ्या मशीनला हे सगळं कसं दिसतं? हॉकिंगने नारळीकरांना साइट केलं, एक पॉइंट. चूक दाखवली की कौतुक केलं, मशीनला काय फरक पडतो? आणि मजा अशी की यात दोघांचंही खरं श्रेय हरवतं, कारण ज्या थिअरीला खोडून काढायला एका हुशार पोराला थीसिसचं प्रकरण खर्ची घालावं लागतं ती अगदीच टाकाऊ नसते, आणि ती खोडली गेली ही गोष्टही तेवढीच खरी असते. आकड्यात यातलं एकही वाक्य मावत नाही.

चुकीचं काम भरभरून साइट होण्याचं अलीकडचं उदाहरण पाहिजे तर बायसेप-टू. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या या टेलिस्कोपच्या टीमने जाहीर केलं की विश्वाच्या पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्या. फिजिसिस्ट आंद्रे लिंडे यांच्या दारात जाऊन बातमी सांगितली आणि शॅम्पेन उघडली तो व्हिडिओ जगभर फिरला. वर्ष पूर्ण व्हायच्या आत, २०१५ च्या सुरुवातीला, प्लांकबरोबर एकत्र विश्लेषण केल्यावर कळलं की जो सिग्नल होता त्यात आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा वाटा एवढा मोठा आहे की दावा उभा राहत नाही. त्या पेपरला हजाराच्या वर सायटेशन आहेत. ती कमी झालेली नाहीत, होणारही नाहीत, एकदा मिळालेलं सायटेशन परत घेण्याची पद्धतच नाहीये. मी त्या टीमला मूर्ख म्हणत नाही, उपकरण उत्तम होतं आणि चूक त्यांनी मान्यही केली. माझा प्रश्न आकडेवाल्यांना आहे: तुमच्या पट्टीने हा पेपर १९४३ च्या वैद्य यांच्या पेपरपेक्षा कितीतरी पट मोठा, तुम्हाला स्वतःला तरी ते पटतंय का?

वैद्य कोण ते सांगायला पाहिजे कारण नारळीकरांवर तावातावाने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हे नाव सहसा माहीत नसतं. प्रल्हाद चुनीलाल वैद्य, गुजरातचे, १९४२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जाऊन राहिले ते विष्णु वासुदेव नारळीकरांकडे शिकायला, म्हणजे जयंतरावांच्या वडिलांकडे. सापेक्षतावादात ताऱ्याबाहेरचं अवकाश कसं वाकतं याचं उत्तर श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये दिलं होतं, पण त्यातला तारा काहीच बाहेर टाकत नाही. खरा तारा तर प्रकाश टाकतो, म्हणजे त्याचं वस्तुमान कणाकणाने कमी होतं. अशा प्रकाशणाऱ्या ताऱ्याभोवतीचं अवकाश कसं असेल, हे गणित वैद्य यांनी सोडवलं आणि १९४३ मध्ये करंट सायन्समध्ये, म्हणजे आपल्याच बंगळुरूच्या जर्नलमध्ये छापलं. पुढची पंधरा-वीस वर्षं या उत्तराचं कुणाला फारसं काम पडलं नाही, कारण नेहमीच्या ताऱ्यात हा परिणाम इतका किरकोळ असतो की न्यूटनने भागतं. मग १९६३ मध्ये क्वासार सापडले, प्रचंड ऊर्जा टाकणारे, त्यापाठोपाठ ताऱ्यांच्या कोसळण्याचा अभ्यास सुरू झाला, आणि एकदम सगळ्यांना वैद्य मेट्रिक, म्हणजे त्यांचं हेच उत्तर, पाहिजे झालं. आज बाष्पीभवन होणाऱ्या कृष्णविवरांचं गणित करतानाही तेच वापरतात. वैद्य तोवर कॉलेजात शिकवत होते, आणि शेवटपर्यंत स्वतःला आधी शिक्षक म्हणवत राहिले. त्यांना १९५० मध्ये आजच्या पद्धतीने प्रमोशनच्या कमिटीपुढे बसवलं असतं तर फॉर्मच्या पहिल्याच पानावर बाद.

कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरींचं त्याच्याही पुढचं. इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम दिलेलं धातूंच्या गुणधर्मांवर, सापेक्षतावाद ते स्वतःच्या वेळात करायचे. १९५५ मध्ये फिजिकल रिव्ह्यूमध्ये त्यांचं समीकरण आलं, दहा वर्षांनी पेनरोज आणि मग हॉकिंग यांनी जी सिंग्युलॅरिटीची (जिथे सापेक्षतावादाचं गणितच थांबतं अशा जागांची) प्रमेयं सिद्ध केली त्यांच्या पोटात हेच समीकरण आहे, आणि त्यातल्या पेनरोजना २०२० चं नोबेल मिळालं. आज हा विषय शिकणारा जगातला प्रत्येक विद्यार्थी 'रायचौधुरी इक्वेशन' म्हणतो, आणि नाव एवढं रुळलंय की मूळ पेपर साइट करायची गरज बऱ्याच जणांना वाटत नाही. न्यूटनचा प्रिन्सिपिया कोण साइट करतं हो? म्हणजे काम थोडं महत्त्वाचं असेल तर सायटेशन वाढतात, आणि फारच महत्त्वाचं झालं की थांबतात. असली मोजपट्टी भाजीवालासुद्धा वापरणार नाही.

उलट बाजूही बघू, म्हणजे खरोखर प्रचंड साइट झालेले पेपर. १९९८ चा श्लेगेल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांचा पेपर आहे, आकाशात कोणत्या दिशेला किती धूळ आहे त्याचा नकाशा. दहा हजाराच्या वर सायटेशन. कारण साधं आहे, आकाशगंगेबाहेरचं काहीही बघायचं तर मधल्या धुळीने किती प्रकाश खाल्ला ते वजा करावंच लागतं, मग तो नकाशा वापरायचा आणि नाव लिहायचं. फार उपयोगी, कष्टाचं काम, त्याबद्दल आदरच आहे. पण पेन्झियास आणि विल्सन यांनी १९६५ मध्ये जेमतेम पान-दीड पानात कळवलं की आमच्या अँटेनात साडेतीन डिग्रीचा जास्तीचा आवाज येतोय, म्हणजे मघाचं मायक्रोवेव्ह रेडिएशनच, ज्याने कॉस्मॉलॉजीचं तोंडच फिरलं आणि नारळीकरांच्या गुरूंची मूळची स्टेडी स्टेट थिअरी (विश्वाला सुरुवात नाही म्हणणारी) कायमची अडचणीत आली, त्या पेपरची सायटेशन या नकाशाच्या जवळपासही नाहीत. दोन्ही कामं मोठी आहेत, वेगवेगळ्या तऱ्हेने मोठी आहेत, आणि एका ओळीत उभं करून कोण उंच विचारण्यात काही हशील नाही.

आता मघाचा वशिल्याचा मुद्दा, तो सगळ्यात अवघड. आकडा असला की अन्याय कमी होतो असं गृहीत धरलंय, पण आपण हा प्रयोग करून बघितलाय की. यूजीसीने २०१० मध्ये एपीआय ही शिक्षकांना गुण देण्याची पद्धत आणली, पेपरला एवढे पॉइंट, कॉन्फरन्सला एवढे, पुस्तकातल्या प्रकरणाला एवढे. झालं काय? पैसे भरा आणि आठ दिवसात छापा असली जर्नल्स पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली, त्यातली किती तरी आपल्याच देशातली. २०१८ मध्ये यूजीसीला स्वतःच्याच मान्य यादीतून चार हजारांवर जर्नल्स एका झटक्यात काढावी लागली. मग केअर लिस्ट ही मान्य जर्नल्सची नवी यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद. ज्याच्याकडे वशिला होता त्याला नव्या पद्धतीत काही अडचण आली नाही. हेड आहे म्हणून विद्यार्थ्याच्या पेपरवर नाव, मित्राच्या पेपरवर नाव, तो माझ्या पेपरवर, दोघं एकमेकांना साइट करणार. परभणीहून आलेल्या त्या पोराच्या हातात जो एकुलता एक आधार आहे असं आपण म्हणत होतो, तो तर बड्या लोकांकडे पोत्याने निघाला. कमिटीतला माणूस पक्षपात करतो तेव्हा निदान त्याचं नाव माहीत असतं, त्याला जाब विचारता येतो, आरटीआय टाकता येतो. आकड्याला कुठे पकडणार?

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी 'सर्वाधिक साइट झालेले' शास्त्रज्ञ जाहीर करते, २०२३ मध्ये तिने त्या यादीतून गणित हा विषयच वगळला, कारण त्यात आकडे फुगवणं सोपं झालं होतं. एच-इंडेक्स काढणारे होर्हे हर्श हे स्वतः फिजिसिस्ट, २००५ मध्ये त्यांनी तो सुचवला आणि २०२० मध्ये त्यांनीच लिहिलं की याचे वाईट परिणाम होऊ शकतात. प्रवाहाविरुद्ध काम करणाऱ्याला तो मारक ठरतो असा त्यांचा अनुभव, आणि ते स्वतः सुपरकंडक्टिव्हिटीत प्रवाहाविरुद्ध आहेत, त्यामुळे त्यांचं थोडं स्वतःपुरतंही दुखणं आहे, पण म्हणून मुद्दा खोटा होत नाही.

खगोलशास्त्रात तर याहून मूलभूत अडचण आहे. इथलं मोठं काम आता टोळीने होतं. गुरुत्वीय लहरी सापडल्याचा फेब्रुवारी २०१६ चा पेपर हजारापेक्षा जास्त लोकांचा, नावं इंग्रजी वर्णमालेप्रमाणे, त्यामुळे जग त्याला 'ॲबट आणि इतर' म्हणतं, आणि ते ॲबट साहेब केवळ आडनावामुळे जगातले सगळ्यात नामांकित लेखक झालेत. त्या इतरांमध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संजीव धुरंधर आहेत, ज्यांनी सत्यप्रकाश यांच्याबरोबर १९९१ मध्येच, म्हणजे लहरी सापडायच्या जवळपास पंचवीस वर्षं आधी, गोंगाटातून असा सिग्नल वेचून काढायला कसल्या गणिती चाळण्या लागतील ते लिहून ठेवलं होतं. आणि त्याच इतरांमध्ये कालपरवा ग्रुपमध्ये आलेला एखादा पीएचडीचा मुलगाही आहे. त्या पेपरपुरते दोघांना समान मार्क. काय मोजलंत तुम्ही?

टेलिस्कोप बांधणाऱ्यांचं तर विचारूच नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, गोविंद स्वरूप यांनी जवळपास शून्यातून उभी केलेली, जाड पत्र्याच्या भांड्याऐवजी तारांची हलकी जाळी ताणून खर्च आटोक्यात ठेवण्याची युक्ती त्यांचीच. जगभरातले लोक तिथे वेळ मागून निरीक्षणं घेतात, पेपर छापतात, आणि पेपरच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते, की ही निरीक्षणं शक्य करणाऱ्या जीएमआरटीच्या स्टाफचे आम्ही आभार मानतो. त्या ओळीला सायटेशन म्हणत नाहीत. रात्री दोन वाजता डिशची मोटर अडकली म्हणून शेतातून टॉर्च घेऊन जाणाऱ्या टेक्निशियनचा एच-इंडेक्स शून्य आहे आणि त्याच्याशिवाय तो पेपर नाही.

म्हणून नारळीकरांकडे परत येतो तेव्हा मला त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम म्हणून आयुका दिसते. १९८८ मध्ये सुरू झाली, २००३ पर्यंत ते संचालक. विद्यापीठातल्या शिक्षकाने, ज्याच्याकडे धड लायब्ररी नाही, यावं, काही आठवडे राहावं, काम करावं आणि परत आपल्या कॉलेजात जाऊन शिकवावं, ही त्यामागची कल्पना. तिथे येऊन गेलेल्या लोकांनी देशभर जे पेपर लिहिले त्यातल्या बहुतेकांवर नारळीकरांचं नाव नाही, आणि नाही हेच बरोबर आहे, त्यांच्या जागी एखादा 'डायरेक्टरचं नाव पहिलं' छाप माणूस असता तर आज एच-इंडेक्स बघून हीच मंडळी भारावली असती. सही मागणाऱ्या शाळकरी पोरांना ते म्हणायचे, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठव, उत्तराखाली सही करून देतो. ते आकड्यात धरा असा माझा आग्रह नाही, उलट संशोधन म्हणून मोजूच नये, पण मग 'बाहेर कुणी विचारत नाही' हे वाक्य उच्चारताना 'बाहेर' म्हणजे नक्की कुठे ते तरी सांगा.

आणि आकड्यांचं वावडं नारळीकरांना मुळीच नव्हतं. ज्योतिषाची चाचणी आठवा. २०० मुलांच्या पत्रिका, १०० हुशार आणि १०० मतिमंद, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०, कोणती कुणाची ते ओळखा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, यश ४६ टक्के, नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते. दाभोलकर, कुंटे, घाटपांडे यांच्याबरोबरचं हे काम २००९ मध्ये करंट सायन्समध्ये आलं. बघा यात काय केलंय: आधी दावा ठरवला, तो खोटा ठरायचा तर काय दिसलं पाहिजे ते ठरवलं, मग मोजलं. 'जास्त सायटेशन म्हणजे मोठा शास्त्रज्ञ' हा दावा मांडणाऱ्यांनी तो कसा खोटा ठरू शकेल हे कधी सांगितलंय? पत्रिका बघून मुलगा हुशार म्हणणं आणि प्रोफाइल बघून माणूस थोर म्हणणं, पद्धत म्हणून यात मला फारसा फरक दिसत नाही. याच माणसाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, कारण नाव बघून निकाल लागायला नको होता. परीक्षकांनी गोष्ट वाचली आणि बक्षीस दिलं.

'पण वाचायला वेळ कुणाकडे आहे?' हा शेवटचा आक्षेप, आणि खरं सांगायचं तर मला तो सगळ्यात कमकुवत वाटतो. एका प्राध्यापकाला आपण तीस वर्षं पगार देतो, सातव्या आयोगाने देतो, आणि त्याला नेमताना पाच लोकांना त्याचे पाच पेपर वाचायला आठवडाभर मिळू शकत नाही? संशोधनाला पैसे देणाऱ्या जर्मनीच्या डीएफजी या संस्थेने २०१० मध्ये नियमच केला की अर्जात फार तर पाच महत्त्वाचे पेपर द्या, बाकीची यादी नको. चीनने २०२० मध्ये पेपर-मोजणी आणि त्यावरची रोख बक्षिसं बंद करायचे आदेश काढले, आणि चीनवर मोजणीच्या बाबतीत ढिलेपणाचा आरोप कुणी करणार नाही. वशिल्याची भीती आहे ना, मग वाचणाऱ्यांनी काय वाचलं आणि काय मत झालं ते नावासकट लेखी द्यावं, उमेदवाराला ते बघायला मिळावं, दोन वाचणारे राज्याबाहेरचे असावेत. सायटेशनचा आकडा शेजारी ठेवा की, एखाद्याचा आकडा खूप असेल तर का आहे आणि अजिबात नसेल तर का नाही, हा प्रश्न विचारायला तो कामाचा आहे.

केअर लिस्ट गेल्यावर यूजीसीने जर्नल पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि कॉलेजांवरच टाकलीये, म्हणजे आपल्याकडच्या विद्यापीठांना आत्ता स्वतःचं काहीतरी ठरवायची मोकळीक आहे, आणि बहुतेक ठिकाणी हालचाल चालू आहे ती स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसचा आकडा चिकटवून मोकळं होण्याची. इकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केलेत, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यातली हवा काढून जवळपास पोकळी करायची, आरसे हलू द्यायचे नाहीत, वर्षानुवर्षं पेपर न निघणारं काम. ते करणारी मुलं आत्ता कुठे तरी बीएस्सी-एमएस्सीला असतील, त्यातली काही मराठवाड्यातली असावीत अशी माझी इच्छा आहे. दहा वर्षांनी ती नोकरीच्या इंटरव्ह्यूला येतील तेव्हा त्यांची नावं हजारांच्या यादीत सातशेव्या नंबरावर असतील, आणि फॉर्मवर जर एच-इंडेक्सचा एकच रकाना असला तर पोकळी टिकवणारा कोण आणि नुसतं नाव लावून घेतलेला कोण हे कमिटीला कळणार कसं, एवढं निदान पुढच्या अकॅडमिक कौन्सिलच्या मीटिंगला कुणीतरी विचारावं.